गुरुवारची काळजं

काळीज या वस्तूशी माझा तसा काडीचा संबंध नव्हता. मी पोस्टातला माणूस. ऐंशीच्या दशकात सावंतवाडीहून माझी बदली मालवण-वेंगुर्ले किनाऱ्यावरच्या एका गावी झाली. तिकिटं, पाकिटं आणि गावातला एकुलता एक टेलिफोन एवढंच माझं राज्य. पण त्या पोस्टात दर गुरुवारी दुपारी चार वाजता मी चार माणसांची काळजं या कानांनी ऐकली, आणि एकदा माझं स्वतःचंही. अजून कुठे कोणी टेबलावर बोटं वाजवत बसला की माझ्या अंगावर काटा येतो. घरातली हसतात. हसू देत. त्यांनी बाबल मृदंग्याला पाहिलेलं नाही.

बाबल दशावतारी कंपनीत मृदंग वाजवायचा. साठीला टेकलेला, काळा, किडकिडीत, पण हात मात्र दुसऱ्याच कोणाचे आणून लावल्यासारखे मोठे. तीस वर्षं जत्रा वाजवल्या आणि एका जत्रेच्या आदल्या दिवशी छातीत कळ येऊन पडला. भाच्याने मुंबईला नेलं म्हणून वाचला. दोन महिने इस्पितळात काढून परतला तो डॉक्टरीणबाईंचे दोन हुकूम घेऊन. रोज ठरवून दिलं तेवढं चालायचं आणि गुरुवारी फोनवर नाडी सांगायची, हा पहिला. वर्षभर मृदंगाला बोट लावायचं नाही, हा दुसरा. पहिला हुकूम त्याने ऐकला. दुसरा ऐकताना म्हणे हा गडी खाटेवर ढसाढसा रडला होता.

पहिल्या गुरुवारी बाईंचा ट्रंक कॉल आला. लाइनवर समुद्रापेक्षा जास्त खरखर. बाईंचा आवाज तरुण, शुद्ध, घाई नसलेला.

"काका, नाडी किती?"

"माका आकडे कळणत नाय, बाय. ठेको कळता."

"मग कसं करायचं?"

"थांब वाईच, वाजवन दाखयतंय."

त्याने रिसीव्हर काउंटरवर आडवा ठेवला. डाव्या हाताची दोन बोटं गळ्याशी लावली, डोळे मिटले, आणि उजव्या हाताने फळीवर आपलं काळीज वाजवायला लागला. आमच्या काउंटरची फळी फणसाची, जुनी, खालून पोकळ. आवाज लाकडातून नव्हे, खालच्या जमिनीतून आल्यासारखा वाटला. पोस्टात पाच-सहा माणसं होती, ती काउंटरजवळ सरकली. तिकडे बाई घड्याळ लावून मोजत होत्या. मिनिटभराने रिसीव्हरमधून आवाज आला, "काका, थांबू नका. मला तुमचं सगळं कळतंय."

मग काय विचारता! आमच्या बाजूची बरीच माणसं बाईंच्या हाताखालून गेलेली. बरी होऊन गावी आली की ती पुन्हा मुंबईचं तोंड बघत नसत. बाई म्हणायच्या, "गोळ्यांनी निम्मं काम होतं, निम्मं चालण्याने होतं, आणि ते माझ्या डोळ्यांआड होतं." आता त्यांना बाबलचे हात मिळाले. त्यांनी पत्रं पाठवून आणखी तिघांना पोस्टात यायला सांगितलं. निवृत्त शाळामास्तर, मासे विकणारी पार्वती, आणि मुंबईच्या गिरणीतून परतलेले दाजी. चालायचं अंतर बाईंनी विजेच्या खांबांवर ठरवलं. पोस्टापासून जेटीच्या रस्त्याला पहिल्या पंधरवड्यात चार खांब, मग सहा, मग आठ. गावात ही माणसं एकमेकांना विचारायची, "तू कितक्या खांबांचो?" पार्वती बारा खांबांची झाली त्या दिवशी तिने मला बांगडे आणून दिले.

बाबलची रीत ठरलेली. आधी हात धुवायचे, पंच्याला पुसायचे. फळीवर एकदाच टकटक करून तिला काहीतरी पुटपुटायचं. मग समोरच्याचं मनगट धरून तोंड समुद्राकडे करायचं. माणसाच्या तोंडाकडे तो कधी बघत नसे. म्हणायचा, "तोंड बगलंय काय बोटां फसतत." एकदा मास्तर पुतण्याच्या सायकलवर मागे बसून आले आणि दहा खांब चालल्याचं बेधडक सांगून मोकळे झाले. बाबलने मनगट धरलं, जरा थांबला.

"मास्तरांनू, तुम्ही चलूक नाय. ह्यां काळीज बसान इलां."

चाळीस वर्षं पोरांच्या थापा पकडलेले मास्तर शाळकरी पोरासारखे लाल झाले. निमूट उठले आणि दहा खांब चालून आले.

माझीही नाडी त्याने एकदा चेष्टेत धरली. "पोस्टमास्तर, तुमचां काळीज सरकारी आसा. कोण इलो-गेलो तरी तेका काय पडलेली नाय." सगळे हसले. मीही हसलो, पण फळीवर माझं काळीज वाजायला लागलं तेव्हा मला ते ऐकवेना. आपलं आत असलेलं असं चारचौघांत बाहेर येऊन बसतं, हे काही बरं नाही. मी मनगट सोडवून घेतलं.

गावालाही तसंच वाटत असणार. कारण हा प्राणी गुरुवारपुरता थांबत नसे. मृदंगाला बंदी, म्हणून संध्याकाळी पोस्टाच्या पायरीवर बसून मांडीवर, खांबावर, छत्रीच्या दांड्यावर एकेकाचं काळीज वाजवत बसायचा. आणि बरहुकूम, हो! डोळे मिटले तर शपथेवर सांगावं की पार्वती बसलीय. पार्वती टोपली घेऊन जाताना ऐकलं की लांबूनच ओरडायची, "बाबल्या मेल्या, माझां वाजव नको हां! माझां माका ऱ्हवांदे!"

दाजींचं काळीज सगळ्यांत वेगळं. दोन ठोके सरळ आणि तिसरा गिळलेला. बाबल त्याला 'लंगडो' म्हणायचा. दाजी म्हणजे करवादलेला माणूस. दशावतार म्हणजे रात्रभराची कटकट, असं त्यांचं मत, आणि ते मृदंग्याच्या तोंडावर सांगायचे. तरी मनगट मात्र बिनबोभाट पुढे करायचे. बरोबर त्यांची बायको इंदूकाकी असायची. बाकावर बसून ती तो लंगडा ठोका मान खाली घालून ऐकायची. मूलबाळ नाही. त्या घरात दोघंच.

श्रावणात दाजी गेले. दुपारी जेवून लवंडले ते उठलेच नाहीत. त्याच आठवड्यात वाऱ्याने तारा तुटल्या, फोन तीन आठवडे बंद. बाईंना कळवायचं राहूनच गेलं. मी पत्र टाकायला हवं होतं. टाकलं नाही. पोस्टात बसून पत्र टाकायचा आळस, आता काय सांगू!

त्या तीन आठवड्यांत काकी दोनदा बाबलकडे आली. मागणं एकच, ह्यांचा ठोका वाजव. बाबल कानांवर हात ठेवायचा. "मेलेल्याचो ठेको बोटांत घेव नये, वयनी. मगे तो जाणा नाय." हे मी त्याच्याकडून पहिल्यांदाच ऐकलं. थट्टामस्करीतला हा माणूस ते बोलताना अगदी बारीक आवाजात बोलला.

लाइन सुरू झाली त्या गुरुवारी काकी तिसऱ्यांदा आली. पांढऱ्या कपाळाने बाकावर बसली.

"बाबल, पस्तीस वर्सां त्या ठोक्यार माझो डोळो लागलो. आता घर गप आसा. माका झोप येणा नाय रे. एकदाच वाजव. परत मागूक येवचंय नाय."

बाबलने माझ्याकडे पाहिलं. मी काउंटरवरची पाकिटं बाजूला केली. त्याने हात धुतले, पुसले. या वेळी त्याला धरायला मनगट नव्हतं. डावा हात त्याने नुसताच हवेत धरल्यासारखा पुढे केला आणि वाजवायला लागला. दोन सरळ, तिसरा गिळलेला. काकीने पदर तोंडाला लावला. तेवढ्यात फोन वाजला. मी सवयीने उचलला आणि सवयीनेच काउंटरवर आडवा ठेवला.

रिसीव्हरमधून बाईंचा बारीक आवाज सगळ्यांनी ऐकला.

"हे दाजी ना? पायऱ्या चढून आलेत का आत्ता? धाप लागलीय. आधी बसवा त्यांना."

आमच्या पोस्टाला सात पायऱ्या होत्या. पोस्टातल्या प्रत्येक माणसाने दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. उन्हाचा पट्टा पडला होता आणि वाऱ्याने दाराची कडी हलत होती.

मी पटकन रिसीव्हर उचलला आणि दाजी गेल्याचं सांगितलं. मग बाई म्हणाल्या, "पण मी आत्ता मोजले." बाबल पांढराफटक पडला होता. "मी सावकाश वाजवत होतंय," तो म्हणाला. "देवाशपथ, मी सावकाशच वाजवत होतंय." आणि हे म्हणताना त्याचा उजवा हात फळीवर वाजवतच होता. मी तो हात धरून बाजूला केला तेव्हा त्याला कळलं.

इथून सगळं बिघडलं.

पुढच्या गुरुवारी बाईंनी मास्तरांची नाडी ऐकली आणि म्हणाल्या, तिसरा ठोका कुठे आहे? पार्वतीचीही तीच गत. बाईंनी दोघांचं चालणं बंद केलं, नवी गोळी लिहून पाठवली. पार्वती त्या गोळीने बाजारात चक्कर येऊन बसली. मास्तर मात्र टोमॅटोसारखे ताजे. मला संशय आला. शेवटी मी पोस्टाच्या भिंतीवरच्या घड्याळासमोर उभं राहून मास्तरांची नाडी स्वतः मोजली. एकदा नाही, तीनदा. सरळ होती. एकही ठोका चुकत नव्हता.

मी पोस्टाचं दार लोटून घेतलं आणि बाबलपुढे माझं मनगट धरलं. "वाजव." त्याने वाजवलं. माझी दुसऱ्या हाताची बोटं माझ्याच गळ्याशी होती. आत टप टप टप सरळ चाललेलं आणि बाहेर फळीवर दोन सरळ, तिसरा गिळलेला. माझ्या डोळ्यांदेखत माझं काळीज दाजींचं होऊन वाजत होतं. भीती वाटली हे कबूल करतो.

"बाबल, हे माझं नाही."

त्याने हात मागे घेतला, उलटासुलटा करून पाहिला. "म्हायत आसा," तो म्हणाला. "चार दिवस झाले. जेवताना पानार पण ह्यांच वाजता. पोस्टमास्तर, माझो हात गेलो."

बाईंना सगळं सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं, पण त्या रागावल्या नाहीत. मनावर बसलंय त्यांच्या, होतं असं, म्हणाल्या. चुकीची गोळी थांबवली आणि मोजायचं काम माझ्यावर टाकलं. मग विचारलं, "आणि काकांची स्वतःची नाडी? ती कोणी मोजली?"

कोणीच मोजली नव्हती. मी मोजली. दोन ठोके सरळ. तिसरा नाही. पुन्हा मोजली. तिसरा नाही.

इतका वेळ वाटत होतं की बिघाड बोटांत आहे. तो आत उतरला होता, की आतूनच बोटांत आला होता, कोण जाणे. बाईंचा आवाज पहिल्यांदाच घाईचा झाला. "पंधरा दिवसांत त्यांना इथे आणा. इथे ठेवून औषध दिलं तर सरळ होईल. नाही आणलं तर एक दिवस चौथाही येणार नाही. समजलं ना?"

मला समजलं. बाबललाही समजलं. पण घोटाळा असा झाला की काकीलाही कळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली, पायरीवर बाबलशेजारी बसली आणि तिने त्याचं मनगट धरलं. विधवा बाई, परक्या माणसाचं मनगट, तेही भर रस्त्यावर! लोक बघत होते. तिला त्याचं काही नव्हतं. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आमचेच. हंयच आसत."

मग ती रोज यायला लागली. तासभर मनगट धरून बसायची आणि जाताना तिच्या तोंडावर झोप झालेल्या माणसाची टवटवी असायची. इकडे बाबल दिवसेंदिवस ओसरत चाललेला. चार खांब चालला की टेकायचा. मी सांगायचो गाडीचं बघ. तो म्हणायचा, बघूया. आठ दिवस गेले, दहा गेले. मी चिडलो. "अरे, मरशील!"

"पोस्टमास्तर, थंय गेलंय तर बाय दाजींका भायर काढतली. वयनीक काय सांगू?"

"आणि मृदंग? बरा झालास तर जत्रेत वाजवशील की!"

त्यावर तो नुसता आपल्या हाताकडे बघत राहिला. तीस वर्षं त्या हाताने गावंच्या गावं जागी ठेवली होती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला माझ्याच बोलण्याची लाज वाटली.

शेवटी मी काकीला गाठलं. चांगलाच बोललो. "काकी, तुमचा माणूस गेला, वाईट झालं. पण त्याच्यापायी हा जिवंत माणूस मारणार आहात का?" बोलून गेलो आणि वाटलं, आता ही रडणार. ती रडली नाही.

"तुमका काय वाटता, माका कळणा नाय? काल दोन सरळ नाय होते. एकच होतो." ती उठली. "ह्यां मनगट थंड झालेलां माका परत बगवचां नाय."

तिनेच त्याची पिशवी भरली. पंचा, चटणी, गोळ्या, सगळं. चौदाव्या दिवशी मुंबईच्या एस.टी.त भाच्याशेजारी त्याला बसवला. खिडकीतून त्याने हात बाहेर काढला आणि तिने मनगट धरलं. कंडक्टरने घंटी मारली तरी सोडेना. गाडी हलली, ती चार पावलं बरोबर चालली. मग तिनेच सोडलं. बाबल मान वळवून बघत होता, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलेलं त्याचं शेवटचं. तो परत यायच्या आधीच माझी बदली झाली.

पण त्याच्याशी शेवटची गाठ कानांनी पडली. तीन आठवड्यांनी गुरुवारी चार वाजता फोन आला. काकी दुपारपासून बाकावर बसलेली.

"पोस्टमास्तर, आनंदाची बातमी," बाई म्हणाल्या. "हृदयाचा कागद आत्ता माझ्या हातात आहे. सरळ, एकही ठोका चुकलेला नाही. आणि हातही सुटलाय त्यांचा! काल खाटेच्या लोखंडी कठड्यावर असं वाजवलं की अख्खा वॉर्ड गोळा झाला. कुठेही अडखळले नाहीत. जत्रेत एक तास वाजवायला माझी परवानगी आहे म्हणून सांगा गावात."

माझा आनंद पोटात मावेना. तरी बाकाकडे नजर गेली. मी म्हटलं, "इथे इंदूकाकी आल्यात."

पलीकडे कुजबुज झाली. मग बाबलचा आवाज, दमलेला पण खणखणीत. "वयनी आसा? तिका दी फोन. बोलाचां काय नाय. आयक म्हणान सांग."

काकीने आयुष्यात फोन धरला नव्हता. मी रिसीव्हर तिच्या कानाशी धरला आणि खरखर फार म्हणून मीही कान जवळ नेला. कोणीतरी लाकडावर एकदाच टकटक केलं. मग सुरू झालं.

दोन ठोके सरळ. तिसरा गिळलेला.

काकीचे डोळे मिटले. गालांवरून पाणी ओघळायला लागलं आणि ओठ हलले, "आसत." मिनिटभर, दोन मिनिटं तो वाजवत राहिला. मी इतकी वर्षं विचार करतोय. ते वयनीसाठी वाजवलं, की हात पुन्हा तिकडे गेला? तो हात आत्ताच कुठे त्याला परत मिळाला होता. तो पुन्हा कायमचा जाऊ शकतो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? जत्रा आठवड्यावर आली होती.

एकाएकी बाईंचा आवाज मध्ये आला, गोंधळलेला, घाबरलेला. "पोस्टमास्तर, हे काय वाजवताहेत हे? मी मोजतेय, हे त्यांचं नाही. कागदावर तर सगळं..."

मी रिसीव्हर जरासा माझ्याकडे वळवला आणि काकीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणालो, "बाई, तुम्ही मोजू नका. हे तुमच्यासाठी नाही."